आजच्या लातुरातला रोमिओ मरतो तेव्हा प्रेक्षक हसतात. काय चुकतंय?

तुमच्या ४० मिनिटांच्या फिल्ममध्ये आडत दुकानदारांची दोन घराणी आहेत, पुण्याला पळालेला पोरगा आहे आणि न पोचलेली चिठ्ठी आहे. चाचणीत हशा दोनदा पिकला, दोघांना मदत करणारे महाराज चिठ्ठी धाडतात तेव्हा आणि पोरगा मरतो तेव्हा. कलाकारांना फार बोल लावू नका. दुसरा हशा ही पहिल्याची उधारी आहे.

चिठ्ठी दिसली की प्रेक्षक मनात म्हणतो, "अरे, फोन लाव की!" तिथून पुढे पोराचं मरण बावळटपणाचं वाटायला लागतं. शेक्सपिअरच्या मूळ 'रोमिओ अँड ज्युलिएट' नाटकात (पहिली छापील प्रत १५९७ची) ज्युलिएट मेली नाही, नुसतं सोंग आहे, हे सांगणारं पत्र नेणाऱ्या निरोप्याला प्लेगच्या संशयावरून घरात कोंडून दार बंद करतात. त्या काळच्या लंडनकराला हे पटायला काही सांगावं लागत नव्हतं. बाझ लुऱ्हमनच्या १९९६च्या सिनेमात तेच पत्र कुरिअरने जातं, रोमिओच्या हाती पडत नाही, आणि तिथे पुष्कळांना नको ते हसू येतं.

म्हणून चिठ्ठी काढाच. पोरीचा मोबाइल भाऊ काढून घेतो, पुण्यात पोरगा सिम बदलतो, महाराजांकडे त्याचा जुनाच नंबर. नवा नंबर फक्त पोरीच्या मोबाइलमध्ये, आणि तो तिला पाठ नाही. आजकाल कुणालाच नसतो. फक्त हे पहिल्या दहा मिनिटांत पेरा. मैत्रीण चिडवते, "त्याचा नंबर तरी पाठ हाय का गं?" आणि ही हसून सोडून देते. तेच कारण ऐनवेळी सांगितलं, तर पळवाट वाटेल. 'ऑथेल्लो'वरच्या 'ओंकारा' या हिंदी सिनेमात (२००६) नवऱ्याच्या मनात संशय पेटवणाऱ्या रुमालाचा कमरबंध झाला तो याच हिशोबाने. रुमाल आज डझनाने मिळतो, सुनेला दिलेला खानदानी दागिना हरवला तर घर पेटतं.

आता मरणाचा प्रसंग. फ्रेममधली वाचता येणारी अक्षरं आधी शोधा. लातुरात कॅमेरा कुठंही लावा, मागं क्लासचं फ्लेक्स येतंच. नायक खाली कोसळतोय आणि डोक्यावर गुणवंतांचे फोटो, 'हार्दिक अभिनंदन'! डोळा आधी अक्षर वाचतो, तेवढ्यात कान संवाद सोडून देतो. २०००च्या 'हॅम्लेट' सिनेमात 'जगावं की मरावं' हे प्रसिद्ध स्वगत व्हिडिओच्या दुकानात आहे, भोवती 'अ‍ॅक्शन'च्या पाट्या. हॅम्लेटच्या बापाचं भूत तर पेप्सीच्या मशीनपाशी जाऊन विरून जातं. कल्पना हुशार आहेत, पण काळजाला हात घालायच्या जागी लोक पाटी वाचत बसतात.

भाषाही तपासा. ३५ मिनिटं "काय करायलास?" म्हणणारा पोरगा मरताना "प्रिये, तुझ्याविना" म्हणाला, तर मागच्या रांगेतून शिट्टी येणारच. शेवटचं वाक्य त्याच्याच बोलीत, पाच-सहा शब्दांत. प्रेताचं पोट हलतं, पापणी थरथरते. श्वास सोडल्यावरचा शॉट घ्या आणि तीन सेकंदांच्या आत कापा. फवारणीच्या औषधाचा डबा मात्र दाखवू नका. आपल्याकडे तो दिसला की लोकांना घरातलं, शेजारचं कुणीतरी आठवतं आणि तुमची गोष्ट तिथेच सुटते.

पुढच्या चाचणीला कलाकारांचे मित्र बोलावू नका, ते ओळखीच्या तोंडाला हसतात. अनोळखी १०-१५ जण बसवा आणि हसू आल्याची मिनिटं-सेकंद लिहा. कारण बहुतेकदा त्याच्या एक-दोन सेकंद आधीच्या शॉटमध्ये सापडतं.

आणि तुमच्या पटकथेत दाईचे, म्हणजे पोरीला सांभाळणाऱ्या बाईचे, विनोद कापलेत, ते परत घाला. शेक्सपिअरने तर ज्युलिएट मेली समजून घर रडत असताना वाजंत्र्यांची थट्टा ठेवलीय. अर्धा तास लोकांना हसायला जागाच दिली नाही, तर ते स्वतः शोधतात, आणि तुमच्याकडे ती त्यांना मरणात सापडली.