मलेशियाला व्हिसा नको, पण तयारी हवी

1 डिसेंबर 2023 पासून भारतीय पासपोर्टवर मलेशियात 30 दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. सवलत मुदतीची आहे, म्हणून तिकिटाआधी ती चालू आहे ना ते बघा. पोहोचण्याआधीच्या 3 दिवसांत एमडीएसी (मलेशिया डिजिटल अरायव्हल कार्ड) हा प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म भरा. तो फुकट असतो; पैसे मागणारी साइट सरकारी नव्हे, लगेच बंद करा.

खरा घोळ नावात होतो. आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये बहुधा वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं. तिकिटावर, फॉर्मवर ते जसंच्या तसं उतरवा, स्पेलिंगसकट. मलेशियात उतरल्या दिवसापासून पासपोर्टची मुदत किमान 6 महिने उरलेली हवी. परतीचं तिकीट आणि हॉटेल बुकिंग छापूनच न्या; ऐन काउंटरवर फोन बंद पडला की धांदल उडते.