फोंड्यात कॉलेजात शिकवत असताना मराठ्यांच्या इतिहासात अर्धवेळ पीएचडी करणे शक्य आहे का?

शक्य आहे. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०२२ चे नियम अर्धवेळ पीएचडीला मुभा देतात, मात्र नोकरीच्या ठिकाणाहून ना हरकत पत्र लागते. त्यात संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कामातून मोकळीक मिळेल, हे लिहिलेले असायला हवे. हे पत्र आधी हातात घ्या, प्राचार्यांच्या तोंडी होकारावर थांबू नका. किमान मुदत तीन वर्षे, कमाल सहा. महिलांना आणखी दोन वर्षांपर्यंत सवलत मिळू शकते.

खरा प्रश्न मार्गदर्शकाचा. नियमानुसार प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच विद्यार्थी असू शकतात. त्यामुळे जागा आहे का, हे ताळगावला गोवा विद्यापीठात जाऊन थेट विचारा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मार्गदर्शकाच्या सध्याच्या विद्यार्थ्यांशी एकांतात बोला. लिहिलेले प्रकरण वाचून परत यायला किती दिवस लागतात, एवढे विचारलेत तरी पुरे. माझ्या मते मोठ्या नावापेक्षा वेळेवर वाचणारा माणूस कधीही बरा.

तुमच्या विषयात पणजीच्या पुराभिलेखागाराला (जुन्या सरकारी कागदपत्रांच्या संग्रहाला) पर्याय नाही. तिथे पोर्तुगीज दप्तरांबरोबर मोडी कागदही आहेत. मोडी आणि कामापुरती पोर्तुगीज आतापासूनच शिकायला घ्या, प्रवेशाची वाट पाहू नका. पुराभिलेखागार कामाच्या दिवशीच उघडे असते, म्हणून वेळापत्रकात आठवड्याचा एक दिवस मोकळा मागून घ्या. छापील साहित्यासाठी पणजीतल्याच पाटो भागातले कृष्णदास शामा ग्रंथालय आहेच.