मध्ययुगीन रीएनॅक्टमेंटचा ग्रुप काढायचाय? तलवार राहू दे, आधी साल ठरवा

गेल्या अंकात युरोपातल्या मध्ययुगातलं जगणं आणि लढाया हौसेने पुन्हा उभ्या करणाऱ्या लोकांबद्दल, म्हणजे रीएनॅक्टमेंटवाल्यांबद्दल लिहिलं होतं. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं की आपला स्वतःचा ग्रुप काढायचा तर कसा, म्हणून या वेळी सगळे प्रश्न त्यावरचेच घेतोय.

प्रश्न: दादा नमस्कार. आम्ही सात-आठ मित्रमैत्रिणी आहोत, कुणाला नाइट व्हायचंय, कुणाला व्हायकिंग, एकीला धनुर्धारी. दर भेटीत तलवारी कुठून आणायच्या यावरच गाडी अडते. सुरुवात नक्की कुठून करायची?

उत्तर: तलवारीचा विषय सध्या बंद करा आणि एका संध्याकाळी बसून साल ठरवा. साल आणि जागा, दोन्ही. मध्ययुग म्हणजे साधारण 500 ते 1500, हजार वर्षांचा पसारा आहे तो, आणि "आम्ही मध्ययुग करतो" म्हणणारा ग्रुप प्रत्यक्षात काहीच धड करू शकत नाही, कारण प्रत्येक जण आपापल्या आवडीचं सामान घेऊन येतो आणि मैदानात भलतीच खिचडी उभी राहते. 1066 च्या इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जच्या लढाईतला नॉर्मन (उत्तर फ्रान्सकडून चाल करून आलेला) घोडेस्वार घ्या, अंगात लोखंडी कड्यांचं चिलखत, नाकावर पट्टी आलेलं टोकदार शिरस्त्राण, हातात वर गोल आणि खाली निमुळती होत गेलेली लांब ढाल. आता 1471 च्या इंग्लंडमधल्याच ट्यूक्सबरीच्या लढाईतला सरदार घ्या, तो नखशिखांत पत्र्याच्या चिलखतात, ढालीची त्याला फारशी गरजच उरलेली नाही. दोघांमध्ये चारशे वर्षं आहेत! हे दोघं एका तंबूबाहेर गप्पा मारत उभे दिसले की बघणाऱ्याला चुकीचाच इतिहास कळतो.

माझं मत विचाराल तर जिथला भक्कम पुरावा मिळतो तेच साल घ्या. उदाहरण म्हणून आजच्या स्वीडनमधलं गॉटलंड बेट, 1361. डेन्मार्कचा राजा वाल्देमार चौथा याने जुलैमध्ये स्वारी केली आणि व्हिस्बी शहराच्या तटाबाहेर तिथल्या शेतकऱ्यांच्या फौजेची कत्तल झाली. मेलेल्यांना सामूहिक कबरींमध्ये पुरलं, आणि बऱ्याच जणांना अंगावरच्या चिलखतासकट, ज्यामुळे विसाव्या शतकात उत्खनन झालं तेव्हा हजाराहून जास्त माणसांचे सांगाडे आणि त्यासोबत कापडाच्या आतून पत्र्याचे तुकडे रिव्हेटने ठोकलेले अंगरखे, कड्यांच्या टोप्या, पोलादी हातमोजे असं सगळं सापडलं. एखादा पत्रा किती मोठा, रिव्हेट कुठे, पट्टा मागे बांधायचा की बाजूला, याचं उत्तर तिथे थेट वस्तूच देते. त्याच व्हिस्बीमध्ये 1984 पासून दर वर्षी ऑगस्टमध्ये मध्ययुग सप्ताह भरतो. अशा जागेचा ग्रुप काढलात तर निम्मा अभ्यास आधीच झालेला असतो.

आणि साल ठरलं ना की वाद आपोआप कमी होतात बघा. 1361 ठरलं म्हणजे व्हायकिंगवाल्याला समजवायची गरजच राहत नाही, त्याचा काळ संपून तीनशे वर्षं झालेली असतात. मग पुढचा प्रश्न, आपण कोण? सगळेच नाइट कसे असतील, त्या काळात नाइट मूठभरच होते. शिंपी, कारकून, धनुष्य बनवणारा, जखमा बांधणारी बाई, सामान वाहणारा गाडीवान, हे लोक घ्या. लोक बघायला येतात तेव्हा त्यांच्याभोवतीच जास्त वेळ रेंगाळतात.

प्रश्न: एससीए आणि लिव्हिंग हिस्टरी यात फरक काय? आम्ही कुठल्या पद्धतीने जावं?

उत्तर: एससीए म्हणजे सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रोनिझम. 1 मे 1966 ला कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये डायना पॅक्सन यांच्या घराच्या मागच्या अंगणात एक मध्ययुगीन टूर्नामेंटची पार्टी झाली, लोकांना इतकी आवडली की ती पुढे चालूच राहिली आणि आज तिची जगभर पसरलेली "राज्यं" आहेत. तिथे 1600 च्या आधीचा कुठलाही काळ चालतो, तुम्ही स्वतःसाठी एक काल्पनिक माणूस तयार करायचा, त्याचं नाव आणि मानचिन्ह रीतसर नोंदवायचं. स्थानिक शाखेला शायर म्हणतात, तिच्यासाठी किमान पाच सभासद लागतात आणि सेनेशल (म्हणजे शाखाप्रमुख) आणि खजिनदार असे पदाधिकारी. तिथे पहिल्या दिवशी येणाऱ्याकडून एवढंच मागतात की त्या काळच्या कपड्यांचा प्रामाणिक प्रयत्न करा, त्यामुळे नवख्यांना तिथे फार मोकळं वाटतं.

लिव्हिंग हिस्टरीवाले ग्रुप याच्या उलट, एक काळ, एक जागा, आणि प्रत्येक वस्तूमागे पुरावा हवा. शिलाईचा दोरा कुठला इथपर्यंत विचारतात. काही जणांना हे जाचक वाटतं पण मला स्वतःला हीच पद्धत पटते, कारण तुमच्या हातातली लाकडी वाटी बरोबर असेल तर लहान पोरालाही तुम्ही छातीठोकपणे सांगू शकता की हो, हे असंच होतं.

मात्र दोन्हीपैकी काहीही निवडा, आधी एखाद्या जुन्या ग्रुपसोबत एक सीझन काढा. तंबू उभारायला जा, लाकडं वाहा, भांडी घासा. तिथे जे कळतं ते वाचून कळत नाही.

प्रश्न: चिलखत खूप महाग पडतं, कपडे स्वतः शिवले तर चालतील का? मला शिवण येत नाही.

उत्तर: चालतील काय, शिवायलाच हवेत! आणि ग्रुपचं पहिलं सामूहिक काम हेच ठेवा. ग्रीनलंडमध्ये हेर्योल्फ्सनेस नावाच्या ठिकाणी 1921 मध्ये पोल न्योर्लुंड या डॅनिश संशोधकाने दफनभूमी खणली, तिथल्या गोठलेल्या जमिनीमुळे मध्ययुगातले लोकरीचे अख्खे झगे आणि टोप्या टिकून राहिल्या होत्या, त्यांची मापं आणि कापणीचे नकाशे अभ्यासाला उपलब्ध आहेत. त्यावरून तेव्हाचे शिंपी कसा विचार करायचे ते कळतं.

साधा अंगरखा कसा बेततात ते सांगतो. पुढचा आणि मागचा भाग म्हणजे दोन लांब आयत, बाह्या म्हणजे मनगटाकडे निमुळते होणारे दोन तुकडे, काखेत एक छोटा चौकोन जो बाहीच्या शिवणीत तिरका बसवायचा म्हणजे हात वर केला तरी कापड ताणत नाही, आणि कमरेखाली दोन्ही बाजूंना (हवं तर पुढेमागेही) त्रिकोणी कळ्या घालायच्या म्हणजे चालताना घेर मिळतो. कापड हातमागाचं, सूत कातून ते विणायला बराच वेळ गेलेला, त्यामुळे वाया जवळजवळ काही घालवायचं नाही अशी ती कापणी. यात एकही अवघड वळण नाहीये, सरळ रेषेत कात्री चालवता आली आणि धावदोरा घालता आला की झालं. आत लिननचा सदरा, वर लोकरीचा अंगरखा. आणि कृपा करून सगळ्यांनी मळखाऊ तपकिरी रंग घेऊ नका, सिनेमात दाखवतात तसं ते युग चिखलाच्या रंगाचं नव्हतं, मॅडरच्या मुळांचा लाल, वोडचा निळा, वेल्डचा पिवळा हे झाडपाल्याचे रंग तेव्हा सर्रास वापरात होते.

पॉलिस्टर मात्र अजिबात नको. दिसायला खोटं वाटतं हे तर आहेच, पण तुम्ही दिवसभर उघड्या चुलीजवळ वावरणार आहात, पॉलिस्टर पेटलं की वितळून कातडीला चिकटतं. लोकर सहजासहजी पेट घेत नाही.

प्रश्न: लढाई खरीखुरी करायची म्हणजे इजा होणारच ना? नियम कोणते ठेवायचे?

उत्तर: ठरवून नियम ठेवले आणि ते पाळले तर धोका खूप कमी करता येतो, शून्य मात्र नाही. एससीएमध्ये वेताच्या जाड काठीची तलवार असते, व्यास किमान सव्वा इंच, आणि शिरस्त्राणाचा पत्रा किमान 16 गेज (साधारण दीड मिलिमीटर) जाड. तिथे वार जोराने मारतात आणि तो लागला की नाही हे ज्याला लागला तोच सांगतो, पंच सांगत नाही. मला हा नियम फार आवडतो, सगळा डोलारा प्रामाणिकपणावर उभा आहे. पोलादी तलवारीने लढणारे ग्रुप वेगळं करतात, धार काढून कडा गोल केलेल्या असतात, टोक बोथट, आणि बऱ्याच ठिकाणी डोक्यावर वार आणि चेहऱ्याकडे भोसकणं सरळ बंद.

तुमच्या ग्रुपसाठी सांगतो, पहिले काही महिने फक्त लाकडी तलवारी आणि संथ सराव. प्रत्येक सरावाला एक जण लढणार नाही, फक्त बघणार, आणि त्याने "थांबा" ओरडलं की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं, मग तो वयाने सगळ्यात लहान का असेना. प्रत्येक वेळी हत्यारं तपासायची, पोलादी पात्यावर पात्यं आदळून कडेला खाचा पडतात, त्या खाचेचा उभा राहिलेला कंगोरा ब्लेडसारखा कापतो, तो कानशीने घासून काढल्याशिवाय मैदानात जायचं नाही. दारू प्यायलेला माणूस लढणार नाही. आणि लोकांसमोर कार्यक्रम करणार असाल तर पब्लिक लायबिलिटी विमा (बघणाऱ्यांना इजा झाली तर भरपाई देणारा) आधी, तारीख नंतर.

प्रश्न: आमच्या ग्रुपमधले काही जण म्हणतात की मुलींनी लढायचं नाही, ते ऐतिहासिक नाही. हे खरं आहे का?

उत्तर: तलवार आणि छोट्या ढालीवरची जी सगळ्यात जुनी उपलब्ध सचित्र हस्तलिखित पोथी आहे, साधारण 1300 च्या आसपासची, आता लीड्सच्या रॉयल आर्मरीज संग्रहालयात आहे, तिच्या शेवटच्या पानांवर वालपुर्गिस नावाची एक बाई धर्मगुरूसोबत तलवारीचा सराव करताना काढलेली आहे. पाठीवर सोडलेल्या लांब केसांसकट. तालहोफर या जर्मन तलवारशिक्षकाच्या 1467 च्या पोथीत तर नवरा-बायकोच्या न्यायालयीन द्वंद्वाची चित्रं आहेत, नवरा कमरेपर्यंत खड्ड्यात आणि बायकोच्या हातात कापडात बांधलेला दगड. सैन्यात बायका सर्रास लढत होत्या असा याचा अर्थ नाही, तसं म्हणणंही बरोबर नाही. पण तुमचा ग्रुप आजच्या माणसांचा आहे, ज्याला शिकायचंय त्याला आणि जिला शिकायचंय तिलाही शिकवा. पुरुषाची भूमिका करायची असेल तर तिने कपडे, केस, चालणं त्या भूमिकेचं ठेवायचं, एवढी अट पुरे. तशीच ती दाढीवाल्या इंजिनिअरलाही आहे, तोही खरा भालदार नाहीच.

प्रश्न: आमच्यात आत्ताच भांडण लागलंय की ग्रुपचा प्रमुख कोण. काय करावं?

उत्तर: खेळातली पदं आणि कामाची पदं वेगळी ठेवा. एससीएमध्ये राजा टूर्नामेंट जिंकून ठरतो आणि काही महिन्यांत मुकुट पुढच्याला देतो, पण पैशांचा हिशोब आणि कागदपत्रं राजाकडे नसतातच, ती पदाधिकाऱ्यांकडे. तुम्हीही तसंच करा, अध्यक्ष, सचिव, खजिनदार मतदानाने आणि ठराविक मुदतीसाठी, बँक खातं दोघांच्या सहीने, तंबू आणि भांडी कुणाची, ग्रुपची की माणसाची, हे पहिल्या दिवसापासून वहीत. ग्रुप सोडून जाताना माणसं तंबूवरूनच भांडतात, तत्त्वांवरून कमी.

प्रश्न: पहिला जाहीर कार्यक्रम कधी आणि कसा करावा?

उत्तर: घाई नको. सगळ्यांचे कपडे पूर्ण झाले, सराव एकमेकांच्या अंगवळणी पडला, की मग. 1839 मध्ये स्कॉटलंडच्या एग्लिंटन इथे एका अर्लने (म्हणजे बड्या सरदाराने) भव्य टूर्नामेंट भरवली, खर्चाला मर्यादा नव्हती, गर्दीही अफाट झाली, आणि पाऊस इतका कोसळला की नाइट लोक छत्र्यांखाली उभे राहिले. तर पावसाची सोय आधी बघा आणि छोटंच काहीतरी करा, लढाई नसली तरी चालेल.

एक टेबल मांडा आणि त्यावर कड्यांचं चिलखत बनवायला घ्या. तारेची एक कडी, तिची दोन्ही टोकं एकमेकांवर चढवून ठोकून चपटी केलेली, चपट्या भागात भोक, ती आधीच्या चार बंद कड्यांमधून ओवायची, भोकात इवलासा रिव्हेट घालायचा आणि पकडीने दाबायचा. मग पुढची कडी. एका चिलखतात अशा हजारो. येणाऱ्या पोरांना एखादी कडी स्वतः ओवू द्या, तयार बाही हातात देऊन वजन बघू द्या. लोक हमखास विचारतात की नाइटला क्रेनने घोड्यावर चढवायचे का, तर नाही, पूर्ण पत्र्याचं चिलखत साधारण 20 ते 25 किलोचं असतं आणि अंगभर विभागलेलं असतं, सवयीचा माणूस त्यात पळतो, स्वतः घोड्यावर चढतो. तलवारही दहा किलोची नसते, एका हाताची असेल तर सव्वा किलोच्या आसपास.

जाताना हत्यारं कापडात गुंडाळून, बंद पेटीत, गाडीच्या डिकीत ठेवून न्यायची, बोथट असली तरी. तुम्ही जिथे राहता तिथला हत्यारांचा कायदा आधी वाचा आणि कार्यक्रमाच्या काही आठवडे आधी पोलिसांना लेखी कळवून ठेवा.