घड्याळशाळेच्या पहिल्या वर्षासाठी

स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलच्या वोस्टेपसारख्या घड्याळशाळेत पाऊल ठेवताच घड्याळ उघडायला मिळेल, ही अपेक्षा ठेवू नका. आधी कानस हातात बसावी लागते आणि तो काळ कंटाळवाणा असला तरी वाया जात नाही. महागडी हत्यारे इतक्यात घेऊ नका, पण स्क्रू ड्रायव्हरचे पाते खाचेत नेमके बसेल असे स्वतः घासायला शिका, कारण ते निसटले की ब्रिजवर, म्हणजे चाके जागेवर धरून ठेवणाऱ्या पट्टीवर, कायमचा ओरखडा उठतो. नवशिके चिमटा फार आवळतात, म्हणून स्क्रू उडतात. माझा पहिला बाहीच्या दुमडीत सापडला. सरावाला ३६.६ मिलिमीटर व्यासाचे ईटीए ६४९७ हे चावीचे घड्याळयंत्र उत्तम, मात्र सुटे करण्यापूर्वी चावी बोटांत धरून, स्प्रिंगला उलगडू न देणारा खटका बाजूला सारून मुख्य स्प्रिंगचा ताण हळूहळू उतरवा. हेअरस्प्रिंगला, म्हणजे बॅलन्स चाकाच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला, तूर्त हात लावू नका.