‘बघू’ म्हणजे नकार नव्हे

मनीषनगरच्या ताई, तुमच्यासारखी पत्रं मला वर्षभर येतात, फक्त सभागृह बदलतं. तुम्ही कर्णबधिर. व्याख्यानाला स्वखर्चाने सांकेतिक भाषेची दुभाषी घेऊन गेलात. ती स्टेजच्या कडेला उभी राहताच मागून ‘त्या हातवारेवालीला हटवा’ अशी ओरड झाली आणि कार्यकर्त्याने तिला खांबाआड नेऊन उभं केलं. व्याख्यानासाठी सभागृहातले दिवे मालवलेले. अंधारात हात दिसत नाहीत, म्हणजे तुमचं व्याख्यान तिथेच संपलं. आता तुम्हाला ओरडणाऱ्यांवर केस करायची आहे.

नका करू. प्रेक्षकांनी उद्धट असणं गुन्हा ठरला तर नागपुरातल्या प्रत्येक कार्यक्रमाबाहेर पोलिसांची गाडी उभी करावी लागेल. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ९२ मध्ये अपमानाला सहा महिने ते पाच वर्षं कैद आहे, हे तुमच्या भावाने बरोबर शोधलं. पण तिथे अवमानाचा हेतू सिद्ध करावा लागतो. ‘दिसत नाही, हटवा’ यातून तो निघेल असं मला वाटत नाही. व्हिडिओ असता तर कदाचित वेगळं बोलले असते.

तुमचं भांडण आयोजकांशी आहे. याच कायद्याच्या कलम २ मध्ये भेदभावाची व्याख्या आहे आणि ‘वाजवी सोय नाकारणं’ हाही भेदभावच, असं तिथे म्हटलंय. वाजवी सोय म्हणजे दिव्यांग व्यक्तीला इतरांसारखा भाग घेता यावा म्हणून केलेला, समोरच्यावर अवाजवी भार न टाकणारा बदल. सगळी केस त्या ‘नाकारणं’वर उभी राहते. मागितल्याचा पुरावाच नसेल तर नाकारलं काय? भावाने सोय मागायला फोन केला, समोरून ‘बघू, या तुम्ही’ असं उत्तर आलं, आणि तुम्ही निर्धास्त झालात! उद्या आयोजक म्हणतील, आम्हाला कोणी कळवलंच नव्हतं, बाई ऐनवेळी स्टेजपाशी आली. तीन आठवडे हातात होते. आयुष्यभर लिहून बोलता, आणि नेमका इथेच फोन?

लेखी मागणी हातात असली की अवाजवी भार पडत होता हे त्यांना दाखवावं लागेल. एक दिवा चालू ठेवायचा आणि चार फूट जागा द्यायची, यात कसला भार? बाकीच्यांना त्रास होतो ही सबब टिकणं मला कठीण दिसतं. ‘आमचं खाजगी मंडळ’ म्हणतील. पण खाजगी आस्थापनेच्या व्याख्येत सोसायटी आणि ट्रस्टही येतात. त्यावर थोडा वाद होईल, होऊ द्या.

झालेल्या कार्यक्रमाची तक्रार पुण्याला दिव्यांगांसाठीच्या राज्य आयुक्तांकडे जरूर करा, पण त्यावर विसंबू नका. ते शिफारस करतात, आणि तिच्यावर काय केलं हे कळवायलाच कायद्याने तीन महिने दिलेत. कोर्टाच्या तारखांचं तर विचारूच नका.

त्याच मालेचं पुढचं व्याख्यान पुढच्या महिन्यात आहे असं तुम्हीच लिहिलंय. त्यासाठी आजच पत्र द्या: दुभाषी कुठे उभी राहील, तिच्यावर दिवा कोणता, तुमची खुर्ची कुठली. सोबत यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची, प्रत जोडा. स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपा. व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका, पण मेसेज आपोआप पुसण्याची सेटिंग आधी बंद करा. आणि नुसत्या स्क्रीनशॉटवर भागत नाही. असा इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं. मूळ मेसेज ज्या फोनमध्ये आहे तो लागू शकतो, तेव्हा यंदाच्या दिवाळीत फोन बदलू नका.