ग्रीक लग्नाची सकाळ आणि तिचे संगीत

प्रश्न : ग्रीसमधील पारंपरिक विवाहात चर्चमधील विधीपूर्वी वधू-वरांच्या घरी कोणते रिवाज पाळले जातात? त्या वेळचे संगीत केवळ करमणुकीसाठी असते का? – एक वाचक

उत्तर : मुळीच नाही. तयारीच्या प्रत्येक टप्प्याला त्याची स्वतःची गाणी आहेत. वराच्या घरी मित्र जमून त्याची दाढी करतात आणि वस्तरा अनेकदा ‘कुंबारोस’च्या हाती असतो. कुंबारोस म्हणजे विवाहाचा धार्मिक साक्षीदार. पुढे चर्चमध्ये वधू-वरांच्या मस्तकांवरील, फितीने जोडलेल्या मुकुटांची तीन वेळा अदलाबदल तोच करतो. दाढी चालू असताना गायक चांदीच्या वस्तऱ्याला ‘हळुवार चाल’ अशी विनवणी करतात.

वधूच्या घरचा सूर वेगळा असतो. मैत्रिणी तिला सजवतात, तिच्या बुटाच्या तळव्यावर अविवाहित मैत्रिणींची नावे लिहितात, आणि ज्यांची नावे दिवसअखेर पुसली जातात त्यांचे लग्न लवकर जमते, असे मानतात. या वेळच्या गाण्यांत आई आणि मुलीच्या ताटातुटीचे दुःख उघडपणे गायले जाते. लग्नघरात रडू दाबून न ठेवता त्याला सुरांत जागा देणे, हे मला या परंपरेतील सर्वांत हृद्य वाटते.

वाद्ये प्रदेशानुसार बदलतात. एपिरसमध्ये क्लॅरिनेट प्रमुख असते, एजियन बेटांवर व्हायोलिन आणि लाउतो हे लांब मानेचे तंतुवाद्य, तर मॅसेडोनियाच्या अनेक गावांत सनईच्या कुळातील झुर्नास आणि दाउली हा मोठा ढोल. क्रीटमध्ये गजाने वाजवायच्या लिराच्या साथीने ‘मांतिनादा’ म्हणतात. ही पंधरा अक्षरांच्या दोन यमकबद्ध ओळींची रचना असून कसलेला गायक ती वधू-वरांना उद्देशून जागच्या जागी रचतो. आपल्या नात्यातील विवाहासाठी वादक ठरवायचे असतील, तर कुटुंबाचे मूळ गाव कोणते, हे आधी विचारावे.

तयारी झाली की वादकांना पुढे घालून वराकडील मंडळी वधूच्या घरी आणि तेथून सर्वजण चर्चकडे निघतात. या मिरवणुकीच्या संगीताला बेटांवर ‘पातिनादा’ म्हणतात. हल्ली बरेच विवाह संध्याकाळी होत असल्याने हा सारा क्रम दुपारी पार पडतो, पण गाण्यांचा क्रम तोच राहतो. चर्चच्या दारापाशी वाद्ये थांबतात, कारण ग्रीसमधील ऑर्थोडॉक्स उपासनेत वाद्यांना स्थान नाही, आणि आत केवळ मानवी कंठातून स्तोत्रे गायली जातात.