विस्कॉन्सिनमध्ये हरणाच्या शिकारीसाठी पहिली रायफल घेतोय, काडतूस कोणतं आणि गोळी कोणती घेऊ?

तुम्ही लिहिलंय की मॅडिसनला राहता, एच-वन-बीवर आहात, ऑफिसातली मंडळी दर नोव्हेंबरला हरणाच्या शिकारीला जातात आणि यंदा तुम्हालाही चल म्हणतायत, बंदूक आयुष्यात हातात धरलेली नाही, अंगाने बारीक आहात, एक जण म्हणतो .३०० विन मॅग घे, दुसरा म्हणतो क्रीडमूर (ही दोन्ही काडतुसांची नावं), आणि व्हिडिओ बघून बघून डोकं फिरलंय. मी मूळचा सांगलीकडचा, आता बरीच वर्षं विस्कॉन्सिनातच आहे आणि सीझनला जातो, त्यामुळे जे वापरलंय आणि आजूबाजूला बघितलंय त्यावरून सांगतो.

आधी कायद्याचं, कारण हे ऑफिसातले गोरे मित्र तुम्हाला सांगणार नाहीत, त्यांना माहीतच नसतं. एच-वन-बी म्हणजे नॉनइमिग्रंट व्हिसा, आणि अशा माणसाने बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे, पण कायद्यातच एक सवलत आहे की तुमच्याकडे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असेल तर चालतं. म्हणजे क्रम असा, आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स (१ जानेवारी १९७३ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना विस्कॉन्सिनमध्ये तो लागतोच), मग लायसन्स, मग दुकान. लायसन्स संपलं आणि रायफल कपाटात पडून राहिली तर तीही भानगडच, तेव्हा तारीख बघत जा. भारतात १९७२ च्या कायद्यामुळे आपल्या पिढीने शिकार बघितलेलीच नाही, त्यामुळे घरी फोनवर सांगताना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा :)

आता काडतूस. खरं सांगू का, ज्याच्यावर लोक तासन्‌तास भांडतात तो प्रश्न त्या मानाने सोपा आहे. इथलं व्हाइटटेल हरीण म्हणजे मोठा नर असला तरी शंभर किलोच्या आसपास, कातडी जाड नाही, हाडं काही रेड्याची नाहीत. .२४३ विंचेस्टर, ६.५ क्रीडमूर, ७ एमएम-०८, .२७०, .३०८, .३०-०६, यातलं कुठलंही घ्या, दोनशे यार्डांत फुफ्फुसात बसली तर हरीण पडणार, आणि पोटात बसली तर यातलं कुठलंच तुम्हाला वाचवणार नाही. जुनी .३०-३० तर १८९५ पासून इथल्या जंगलात हरणं पाडतेय, उत्तरेकडच्या दाट झाडीत जिथे शंभर यार्डांपलीकडे दिसतच नाही तिथे आजही काही कमी पडत नाही. तिच्या लिव्हरवाल्या रायफलीत गोळ्या बॅरलखालच्या वेगळ्या नळीत एकामागे एक झोपलेल्या असतात, म्हणजे मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्राइमरवर (ठोका बसला की काडतूस उडवणारा बुडातला भाग) टेकतं, म्हणून तिला चपट्या तोंडाची किंवा खास मऊ टोकाचीच गोळी लागते, टोकदार चालत नाही. कुणी आजोबांची रायफल वापरायला दिली तर हे आठवा.

मग निवडायचं कशावरून? माझ्या मते खांद्यावरून. .३०० विन मॅगचा धक्का क्रीडमूरच्या साधारण दुप्पट असतो. नवीन माणूस तो तीनचार वेळा खातो आणि मग चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो, खांदा आक्रसतो, आणि गोळी कुठेही जाते, याला इथे फ्लिंच म्हणतात आणि एकदा लागली की सुटता सुटत नाही. शिवाय महाग गोळ्या आणि दुखरा खांदा म्हणजे रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, जायचा कंटाळा. ते काडतूस एल्कला (हरणाचा बराच मोठा भाऊबंद), पश्चिमेकडच्या लांबच्या डोंगरातल्या शॉटला ठीक आहे, तुमच्या मित्राला आवडत असेल तर त्याला लखलाभ. तुमच्या जागी मी ६.५ क्रीडमूर किंवा ७ एमएम-०८ घेईन. खेडेगावात सीझनच्या आदल्या रात्री दुकानात जाऊन गोळ्या मिळायलाच हव्यात असं असेल तर .३०८, ती कुठेही मिळते, धक्का थोडा जास्त पण सोसण्यासारखा. .२४३ चा धक्का सगळ्यात कमी, पण गोळीही हलकी, तिथे जागा चुकली तर माफी कमी, म्हणून ती मी नवशिक्यापेक्षा नेम पक्का असलेल्याला देईन, लोक उलटं करतात.

आणि रायफल विस्कॉन्सिनमध्ये २०१३ पासून जवळपास सगळीकडे चालते, आधी दक्षिणेकडच्या बऱ्याच काउंटींत फक्त शॉटगन होती. पण मित्रांबरोबर उद्या ओहायोत गेलात तर तिथे ही बाटलीच्या गळ्यासारखी निमुळती काडतुसं चालत नाहीत, सरळ भिंतीची लागतात, .३५० लेजंड किंवा .४५० बुशमास्टर वगैरे. त्या वेळी त्या राज्याचं शिकारीच्या नियमांचं पुस्तक वाचा.

आता गोळी, म्हणजे काडतुसाच्या तोंडाशी बसवलेला तो धातूचा तुकडा. लोक रायफलीवर हजार डॉलर घालतात आणि गोळ्यांचा डबा मात्र जो समोर दिसेल तो उचलतात. हरणाला मारतं ते काडतुसावरचं नाव नाही, ती गोळी आत जाऊन किती उमलते आणि किती खोल जाते ते मारतं. पूर्ण तांब्याच्या आवरणाची, मिलिटरी टाइप एफएमजे गोळी उमलतच नाही, बारीक भोक पाडून आरपार जाते, हरीण मैलभर पळून कुठेतरी झुडपात तडफडून मरतं आणि तुम्हाला सापडत नाही, म्हणून बऱ्याच राज्यांत ती शिकारीला बंदच आहे. दुसऱ्या टोकाला व्हार्मिंट गोळ्या, .२४३ मध्ये ५५-५८ ग्रेनच्या, त्या कोल्ह्या-घुशींसाठी, हरणाच्या खांद्यावर बसली तर वरच्यावर फुटते आणि आत पोचत नाही. आणि तिसरा घोळ मॅच, म्हणजे नेमबाजीच्या स्पर्धेच्या गोळ्यांचा, तो खास क्रीडमूरवाल्यांचा. हॉर्नडी कंपनीचा १४० ग्रेन ईएलडी मॅच आणि १४३ ग्रेन ईएलडी-एक्स हे दोन डबे शेल्फवर शेजारी शेजारी असतात, दोन्ही लाल टोकाच्या, पण पहिला कागदावर भोकं पाडायला आणि दुसरा शिकारीला. डब्यावर हंटिंग लिहिलंय का ते बघूनच पैसे द्या.

वजन ग्रेनमध्ये मोजतात, ७००० ग्रेनचा एक पाउंड, म्हणजे १५० ग्रेनची गोळी साधारण पावणेदहा ग्रॅमची. हरणाला .२४३ मध्ये ९५-१००, क्रीडमूरमध्ये १२९ ते १४३, ७ एमएम-०८ मध्ये १४०, .२७० मध्ये १३०, .३०८ आणि .३०-०६ मध्ये १५० किंवा १६५, यात डोळे झाकून घ्या.

प्रकार म्हणाल तर साधी सॉफ्ट पॉइंट (टोकाला शिसं उघडं असलेली), रेमिंग्टनची कोअर-लॉक्ट, फेडरलची पॉवर-शॉक, विंचेस्टरची पॉवर-पॉइंट, या स्वस्तातल्याच आहेत आणि हरणाला पुरून उरतात. प्लास्टिकच्या टोकाच्या गोळ्या पटकन उमलतात, जवळून जोरात बसल्या तर खांद्याचं मांस खराब करतात. बॉन्डेड म्हणजे आतलं शिसं आणि वरचं तांबं एकमेकांना चिकटवलेलं, ती हाड लागलं तरी सुटी होत नाही, फेडरल फ्यूजन त्यातली परवडणारी. मला कुणी एकच डबा सांग म्हटलं तर मी फ्यूजन सांगतो.

पण घरी लहान मुलं असतील आणि मांस खाणार असाल (नाहीतर जाताय कशाला) तर पूर्ण तांब्याची (आत शिसं नसलेली, उमलणारी, एफएमजे नव्हे) गोळी बघा. शिशाची गोळी आत फुटते तेव्हा डोळ्याला न दिसणारे कण जखमेपासून बरेच लांब पसरतात, आणि आपण तर खिमा करणार, म्हणजे सगळीकडे मिसळणार. २००८ साली नॉर्थ डकोटात दान म्हणून आलेल्या हरणाच्या खिम्यात शिशाचे कण सापडले आणि फूड पँट्र्यांना (गरजूंना फुकट अन्न वाटणाऱ्या संस्था) तो फेकून द्यायला सांगितलं होतं. कॅलिफोर्नियाने तर १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिसं बंदच केलं, तिथे मूळ कारण काँडर गिधाडांचं. तांबं हलकं म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते, तेव्हा एक पायरी कमी वजन घ्या, .३०८ मध्ये १५० ऐवजी १३० चालते, आणि ती उमलायला वेग लागतो म्हणून फार लांबून मारू नका. महाग आहे, पण सीझनमध्ये लागतात किती गोळ्या, दोन-तीन. सरावाला स्वस्तातली वापरा, फक्त शेवटी शिकारीच्याच डब्याने नेम परत लावा, कारण दुसरी गोळी त्याच रायफलीतून दोन-तीन इंच इकडेतिकडे बसू शकते. आणि नळीवर जे काडतूस कोरलंय तेच घालायचं, "बसतंय की" म्हणून दुसरं घालायचं नाही, .२२३ च्या रायफलीत .३०० ब्लॅकआउट जाऊन नळ्या फुटलेल्या आहेत.

नेम १०० यार्डांवर दीड-दोन इंच वर लावा, मग २०० पर्यंत सरळ फुफ्फुसावर धरायचं, गणित नको. छातीतली जागा आठ-दहा इंचांची असते, पुढच्या पायाच्या मागे, खालून एक-तृतीयांश उंचीवर. टेबलावर टेकून सगळेच मारतात, तुम्ही बसून आणि झाडाला टेकून मारून बघा आणि ज्या अंतरावर पाचही गोळ्या जेवणाच्या ताटलीत बसतील तेवढंच तुमचं अंतर, मग काडतूस काहीही असो.

मारल्यावर लगेच धावू नका, अर्धा तास थांबा. दक्षिण विस्कॉन्सिनात सीडब्ल्यूडी हा हरणांचा रोग बराच आहे, डीएनआर (राज्याचं वन्यजीव आणि शिकार बघणारं खातं) फुकट तपासणी करतं, रिझल्ट येईपर्यंत मांस फ्रीझरमध्येच ठेवा. त्याला चरबी नसते त्यामुळे मटणासारखं शिजवलंत तर चामडं होतं, दही-आलं-लसूण लावून रात्रभर ठेवा.

रायफल सीझन थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. कोर्सच्या जागा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरून जातात, तेव्हा दुकानात जायच्या आधी तो बुक करा.